के-1000चा मीटर दुरुस्त करू की राहू दे?

मुग्धा_के:
गणपतीच्या आधी माहेरी माळा आवरताना बाबांचा रोलवाला कॅमेरा, पेंटॅक्स के-1000, सापडला. शटर ठणठणीत, 50 एमएमची लेन्सही बरी, फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा जागचा हलत नाही. सेल बदलला, उपयोग नाही. दुरुस्तीचा आकडा ऐकून कॅमेरा उचलला आणि घरी आले.

म्हटलं, अंदाजाने काढू. रोल कृष्णधवल एचपी-5 घातलाय, म्हणजे फिल्मचा वेग 400 आयएसओ. लख्ख उन्हात एफ-16 (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तेवढं बारीक) आणि शटर 1/500 सेकंद, हे बाबांनी सांगितलं. पुढचं सगळं सावलीवरून. कड सुरीने कापल्यासारखी असेल तर 16, जरा विरघळलेली असेल तर 11, जेमतेम दिसली तर 8, दिसतच नसेल तर 5.6. गेले तीन आठवडे मी माणसांच्या तोंडाकडे बघत नाहीये, पायाशी बघतेय. परवा सिग्नलला एका आजोबांनी विचारलं, "काही पडलं का गं?"

तर सकाळी आठच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाची एक तिरीप येते, बरोब्बर मिसळणाच्या डब्यावर. डबा उघडा असेल तर हळदीच्या वाटीची कड तेवढी पेटते आणि मोहरीच्या दाण्यादाण्यावर बारीक पांढरा ठिपका दिसतो. सात-आठ मिनिटांत ती ओट्यावरून खाली उतरते. अकरा वर्षं मी तिथे उभी राहून फोडण्या घालतेय आणि हे मला माहीत नव्हतं! फोन असता तर काढून, ग्रुपवर टाकून, विसरूनही गेले असते. इथे रोल, धुलाई, स्कॅन धरून एक क्लिक मला पंचेचाळीस रुपयांना पडतं. म्हणून चार दिवस नुसती बघत राहिले, पाचव्या दिवशी दाबलं. पोहे करपले ते वेगळंच.

आता प्रश्न असा, की मीटर चालू झाला तर हे बघणं सुटेल का?

रोलवाला:
फोनवर मीटरचं अ‍ॅप फुकट मिळतं. 36 पैकी 20 काळे आले की सावल्या बघायची हौस फिटेल.

अंधारखोली:
मुग्धाताई, सांगलीत तीस वर्षं स्टुडिओत धुलाई केली आहे, त्यामुळे जरा जास्त बोलेन. उन्हात सावलीचा हिशेब चालतो. घरात मात्र डोळा लबाडी करतो. दोन मिनिटांत अंधाराला सरावतो आणि म्हणतो, आहे की भरपूर उजेड. फिल्म सरावत नाही. निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झालेला खपतो, कमी झालेला नाही. जिथे तो पोचलाच नाही, तिथे डेव्हलपरमध्ये कितीही घोळवा, काही उमटत नाही. शंका आली की एक स्टॉप उघडा, म्हणजे 16चं 11 करा. डब्याला तिरीप बघून 16च ठेवलं असेल तर ठिपके येतील, डबा जाईल.

दुसरं, के-1000ला मीटर बंद करायचं बटणच नाही. लेन्सला टोपी घालायची, तेच बटण. टोपी घालायची राहिली की सेल आपोआप संपतो आणि वर्षानुवर्षं आत राहिला की पाझरतो. खाचेत हिरवा थर दिसला तर कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पुसा, मग बघा.

आणि रोल पुढे सरकवताना डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरते ना? नसेल फिरत तर फिल्म आत धरलेलीच नाही. एका गृहस्थांनी लेकीच्या बारशाचा रोल माझ्याकडे दिला होता. पूर्ण कोरा. त्यांना सांगायला मी दोन दिवस लावले.

मीटर खुशाल दुरुस्त करा. तो सगळ्याचं मधलं करडं धरून आकडा देतो. हळदीची कड राखायची की डब्यातला अंधार, हे तुम्हालाच ठरवायचं आहे.

वाटसरू_नाशिक:
कृष्णधवलातली माझी फजिती. मंडईत टोमॅटोचा ढीग, शेजारी कोथिंबीर, वाटलं काय फ्रेम आहे! धुऊन आली तर दोन्ही एकाच करड्यात. त्याच रोलवर चुकून दाबलेला एक मात्र भिंतीवर लावलाय. मावशींच्या तराजूचं रिकामं पारडं, त्यावर वर्षांचे गोल गोल ओरखडे.

मुग्धा_के:
उशिरा लिहितेय, रोल आत्ता धुऊन आला. काका, बरोबर ओळखलंत, 16च होतं. डबा गायब, नुसते मोहरीचे ठिपके. बाबांनी विचारलं, "हे आकाश कुठलं?" खुंटी फिरत होती, 36 पैकी 23 लागले. खाचेत हिरवट होतं, ते पुसलं. काटा आता अर्ध्यापर्यंत येतो आणि अडकतो. राहू दे सध्या.

दुसरा रोल घातलाय. पण डिसेंबर आला, ऊन सरकलं. तिरीप आता साडेआठला मिक्सरच्या वायरीवर पडते. डबा तिकडे नेऊन ठेवला की सासूबाई परत जागेवर आणतात. मग वायरीचाच काढू का? कड कापल्यासारखी आहे, तरी एफ-8 धरतेय.