काडेपेटीएवढ्या इंजिनावर मोबाइल चार्ज होईल का?

पंचगंगाकाठ:
२०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत वीज गेली, पॉवर बँक दुसऱ्याच दिवशी रिकामी झाली आणि जोत्यावर चढवलेल्या मोटारसायकलीच्या टाकीत मात्र पेट्रोल तसेच पडून होते. किलोभर पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या लिथियम-आयन सेलमध्ये जेमतेम २००. मग खिशात मावणारे इंजिन बाजारात का नाही? उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिने जिथे घडली, त्या कोल्हापुरात हा प्रश्न वावगा ठरू नये.

उद्यमनगरचा टर्नर:
अडचण फिटिंगची आहे. ८० मिलिमीटर बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या व्यासात) पिस्टनला ०.०८ मिलिमीटर मोकळीक चालत असेल, तर त्याच प्रमाणात ५ मिलिमीटर बोअरला ५ मायक्रॉनच (मिलिमीटरचे हजारावे भाग) उरतात. मॉडेल विमानांच्या छोट्या इंजिनांना बहुधा पिस्टनभोवतीची फट बंद करणाऱ्या रिंगा नसतात. पिस्टन लॅपिंग करूनच, म्हणजे बारीक पूड लावून घासून जुळवूनच बसवतात, आणि काहींत थंड असताना तो वरच्या टोकाला हाताला स्पष्ट अडकतो. असे एखादे इंजिन बनवता येते, हजारो बनवणे निराळे.

माजी भौतिकशास्त्र शिक्षक:
फिटिंग जमले तरी उष्णता उरते. आकार निम्मा केला की आकारमानाच्या तुलनेत पृष्ठभाग दुप्पट होतो, त्यामुळे ज्वाळेची उष्णता भिंतीच खातात. पेट्रोलच्या वाफेची ज्वाळा सुमारे २ मिलिमीटरपेक्षा अरुंद फटीत विझते. हम्फ्री डेव्ही यांचा १८१५ सालचा, ज्योतीभोवती बारीक जाळी असलेला खाणदिवा याच तत्त्वावर सुरक्षित ठरला. अमेरिकेत एमआयटीमध्ये ॲलन एपस्टाइन यांच्या गटाने सिलिकॉनच्या चकत्यांतून बटणाएवढे गॅस टर्बाइन घडवायला घेतले, तेव्हा काही मिलिमीटरच्या रोटरला मिनिटाला दहा लाखांहून अधिक फेरे द्यावे लागणार होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील गटाने वँकेल पद्धतीचे, म्हणजे पिस्टनऐवजी फिरता त्रिकोणी रोटर असलेले चिमुकले इंजिन निवडले. दोन्ही प्रयत्न प्रयोगशाळेबाहेर फारसे आले नाहीत.

पंचगंगाकाठ:
कार्यक्षमता ५ टक्केच धरली, तरी किलोमागे ६०० वॅट-तास म्हणजे सेलच्या तिप्पट मिळतात की.

माजी भौतिकशास्त्र शिक्षक:
हिशोब बरोबर आहे, पण तो फक्त इंधनाचा झाला. इंजिन, जनित्र आणि सायलेन्सरचे वजन त्यात धरलेले नाही. त्यामुळे फायदा दिसलाच तर अनेक दिवसांचे इंधन सोबत असेल तेव्हाच दिसेल. शिवाय वाया गेलेली ९५ टक्के ऊर्जा खिशातच तापणार, आणि पुराच्या दिवसांत बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठणार.

उद्यमनगरचा टर्नर:
आपल्या मोटारसायकलीला १२ व्होल्टची बॅटरी असेल, तर तिच्यावर यूएसबी चार्जर बसवून घ्या आणि गाडी उघड्यावर काढून चालू करा. जनित्र तिच्यात आधीपासूनच बसवलेले आहे.