कुत्र्यावरून घर खाली करा म्हणतात, काय करू?

वडगावात दीड वर्ष भाड्यानं राहतो, मी आणि आई. आमचा मोती गावठी. पावसात गटारीच्या कडेला सापडला, तेव्हा मुठीएवढा होता. बाबा गेल्यापासून आईचा सारा दिवस त्याच्याशी बोलण्यात जातो. परवा मालक दारात येऊन म्हणाले, "आठ दिवसांत कुत्रं काढा, नाहीतर कुलूप घालतो." अकरा महिन्यांचा करार संपलाय, नवा केला नाही, पण भाडं दर महिन्याला घेतात. करारात कुत्र्याबद्दल एक ओळ नाही. आई धड जेवेना.

खानापूरहून: ताई, तोंडी धमकीनं घर सुटत नाही. करार संपूनही भाडं घेतात म्हणजे महिन्याच्या बोलीवर भाडं चालू आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे किमान १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. त्यानंतरही ताबा कोर्टातूनच. मात्र रीतसर नोटीस आली तर मोतीचं कारण पुढं करून फार काळ टिकता येईल असं समजू नका.

टिळकवाडीतून: कुलूप घातलंच तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३, कलम ६, म्हणजे बेकायदा काढून घेतलेला ताबा परत मिळवायचं कलम. सहा महिन्यांच्या आत दावा लावा. भाडं रोख देऊ नका, बँकेतून पाठवा, पुरावा राहतो.

वडगावातूनच: मोतीला रेबीजची लस दिल्याचं कार्ड मालकांना दाखवा. आमचे मालक त्यावरच निवळले.

— कार्ड आहे. उद्या आईला घेऊनच जाते त्यांच्याकडं.