मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्समध्ये पीएचडी: अर्जासोबत हे काम दाखवावं का?

सळई

एम.टेक.चं शेवटचं वर्ष. पुढे फ्रॅक्चर किंवा प्लॅस्टिसिटीत पीएचडी करायची आहे. हातातलं काम म्हणजे माइल्ड स्टीलच्या पत्र्याची टेन्साइल टेस्ट, म्हणजे ओढून तोडण्याची चाचणी (रुंदी १२.५ मिमी, जाडी ३ मिमी, गेज लेंथ म्हणजे मोजायची लांबी ५० मिमी) आणि तिचंच फायनाइट एलिमेंट मॉडेल (नमुन्याचे बारीक तुकडे पाडून केलेलं कॉम्प्युटर मॉडेल). अडचणी दोन. यंग्ज मोड्युलस (साहित्याच्या ताठपणाचं माप) २०० ऐवजी ५० गिगापास्कलच्या आसपास येतोय. स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ) क्रॉसहेडच्या, म्हणजे मशीनच्या सरकत्या आडव्या दांड्याच्या, सरकण्यावरून काढलाय. आणि मॉडेलमध्ये डॅमेज (साहित्य कमकुवत होत जाणं) घातलं की मेश (तुकड्यांची जाळी) जितकी बारीक, तितका नमुना आधी तुटतो. हे दुरुस्त करत बसावं, की सोडून देऊन मशीन लर्निंगचा एखादा विषय धरावा? प्राध्यापकांना मेलमध्ये काय लिहितात, तेही सांगा.

ताण_आणि_पीळ

सोडू नका. ५० कुठून आलं ते आकड्यांत दाखवता येतं.

तुमच्या नमुन्याचं क्षेत्रफळ ३७.५ चौरस मिमी. गेज लेंथची स्टिफनेस = २,००,००० × ३७.५ ÷ ५० = १५० किलोन्यूटन प्रति मिमी. आता फ्रेम, लोड सेल, ग्रिप आणि नमुन्याची रुंद टोकं मिळून ५० किलोन्यूटन प्रति मिमी धरा. दोन स्प्रिंग एकापुढे एक जोडल्यासारखा हिशोब होतो: एकत्रित स्टिफनेस ३७.५, म्हणजे मोड्युलस बरोब्बर ५० गिगापास्कल. क्रॉसहेड सरकला त्यातला चौथा हिस्साच नमुन्याच्या वाट्याला आला. २५० मेगापास्कलला ५० मिमी लांबी वाढते फक्त ०.०६२५ मिमी, ग्रिपचे दात पत्र्यात रुततानाच तेवढी हालचाल होऊन जाते.

मशीनचा कॉम्प्लायन्स (लोडखाली तिचं स्वतःचं सरकणं) वजा करून प्लॅस्टिक भाग वापरण्याजोगा होतो, पण मोड्युलस त्यातून काढू नका. ग्रिपचं वागणं कमी लोडला नॉनलिनियर असतं, आणि मोड्युलस नेमका तिथूनच काढायचा असतो. एक्स्टेन्सोमीटर (नमुन्यावरच बसवून लांबीतली वाढ मोजणारं उपकरण) लावा, किंवा दोन्ही बाजूंना स्ट्रेन गेज चिकटवून सरासरी घ्या. एकाच बाजूला लावला तर ग्रिप किंचित तिरकी असल्यामुळे येणारं बेंडिंगही रीडिंगमध्ये मिसळतं.

आणखी एक. माइल्ड स्टीलमध्ये यील्डनंतर (कायमचा आकारबदल सुरू झाल्यावर) ल्यूडर्स बँड, म्हणजे अशा आकारबदलाचे पट्टे, नमुन्यावरून सरकत जातात. त्या वेळी पट्ट्यातल्या भागात एक-दोन टक्के स्ट्रेन असतो आणि शेजारचा भाग अजून इलॅस्टिकच असतो. ग्राफवरच्या सपाट पट्टीतल्या 'स्ट्रेन'ला मग एका बिंदूचा स्ट्रेन म्हणता येत नाही. डिजिटल इमेज कोरिलेशनने (डीआयसी: नमुन्यावरच्या ठिपक्यांच्या फोटोंवरून स्ट्रेन काढणं) हे थेट दिसतं, आणि अर्जात दाखवण्यासारखी गोष्ट तुमच्या नमुन्यातच दडली आहे ती ही.

जाळीदार

मेशबद्दल. स्ट्रेस-स्ट्रेन वक्र खाली उतरायला लागला की सगळा स्ट्रेन एलिमेंटच्या एकाच ओळीत गोळा होतो. ओळ अरुंद झाली की तुटायला लागणारी ऊर्जाही कमी होते, शून्याकडे जाते. तुमचा कोड चुकलेला नाही, स्ट्रेन किती रुंदीत पसरावा हे ठरवणारी लांबीच मॉडेलमध्ये नाही.

सोपा उपाय क्रॅक बँडचा (बाझांत आणि ओह, १९८३): सॉफ्टनिंग (वक्राचा उतरता भाग) स्ट्रेनवर न देता प्रति क्षेत्रफळ फ्रॅक्चर एनर्जीवर द्या आणि एलिमेंटच्या आकाराने भागा. अबॅकस सॉफ्टवेअरमध्ये डॅमेज इव्होल्यूशनला 'डिस्प्लेसमेंट' किंवा 'एनर्जी' निवडायचं ते यासाठीच. यानेही भेग मेशच्या रेषा धरूनच जाते. ते टाळायचं तर नॉनलोकल, ग्रेडियंट किंवा फेज-फील्ड मॉडेल, ज्यांत ही लांबी (लेंथ स्केल) मुळातच असते. फेज-फील्डमध्ये भेगेच्या वाटेवरचं एलिमेंट लेंथ स्केलच्या निम्म्याहून मोठं नको.

त्याआधी इनपुट तपासा. मॉडेलच्या मटेरियल टेबलमध्ये ट्रू स्ट्रेस (त्या क्षणीच्या क्षेत्रफळावरून काढलेला) आणि प्लॅस्टिक स्ट्रेन जायला हवा. इंजिनिअरिंग वक्र (मूळ क्षेत्रफळ आणि मूळ लांबी धरून काढलेला) तसाच टाकलेला फार वेळा दिसतो. बदलून काढलेला ट्रू वक्रही नेकिंगपर्यंतच (नमुना एका जागी बारीक होऊ लागेपर्यंत) खरा, म्हणजे त्याचा उतार ट्रू स्ट्रेसइतका होईपर्यंत. पुढचा भाग लोड-डिस्प्लेसमेंट आणि नेकची रुंदी जुळवून उलटा काढावा लागतो. शेवटी १, ०.५ आणि ०.२५ मिमी मेशचे वक्र एकाच ग्राफवर काढा. परीक्षक आधी तोच शोधतात.

सळई

दोघांचे आभार. एकाच कॅमेऱ्यावर डीआयसी जमेल का?

ताण_आणि_पीळ

सपाट पत्र्यासाठी जमेल. मॅट पांढरा रंग, त्यावर काळे ठिपके, प्रत्येक ठिपका ३ ते ५ पिक्सेलचा. रंग ताजा असतानाच टेस्ट करा. बरेच दिवस वाळलेला रंग मोठ्या स्ट्रेनला तडकून सुटतो. धोका कॅमेऱ्याच्या दिशेने हलण्याचा आहे: अंतर ५०० मिमी असताना नमुना ०.१ मिमी पुढे आला तरी २०० मायक्रोस्ट्रेन (स्ट्रेनचे दशलक्षांश) खोटा दिसतो, आणि तुमचा यील्ड स्ट्रेनच १२५० मायक्रोस्ट्रेन आहे. म्हणून लांब फोकल लेंथची लेन्स घेऊन कॅमेरा मागे न्या, आणि मोड्युलस गेजवरूनच काढा. लोड लावण्याआधी स्थिर नमुन्याचे दहा-वीस फोटो घ्या. त्यांत दिसणारा स्ट्रेन म्हणजे तुमचा नॉइज. तो आकडा रिपोर्टात लिहाच. सॉफ्टवेअर एनकॉर किंवा डाइस, दोन्ही फुकट.

भेगेचं_टोक

अर्जाचं सांगतो. ॲन्सिस, अबॅकस, मॅटलॅब अशी यादी प्रत्येकाच्या सीव्हीत असते. मोजमापातली अनिश्चितता ओळखून ती आकड्यात मांडलेलं काम क्वचित दिसतं, आणि गाइडला तेच हवं असतं. म्हणून दोन पानांचं टिपण करा: क्रॉसहेड आणि गेजचे वक्र एकत्र, ल्यूडर्स बँडचे तीन-चार नकाशे, तीन मेशचा ग्राफ.

मेल दहा-बारा ओळींचा. त्यांच्या अलीकडच्या एका पेपरमधली ठरावीक आकृती धरून खरा प्रश्न विचारा, टिपण जोडा, फंडिंग आहे का ते सरळ विचारा. 'तुमच्या कामाने प्रभावित झालो' हे वाक्य शंभर मेलमध्ये असतं, गाळा.

अमेरिकेत पुढच्या शरद सत्रासाठीचे बरेचसे अर्ज डिसेंबरच्या आसपास बंद होतात. युरोपात पीएचडी ही बऱ्याच ठिकाणी पगारी नोकरी असते आणि जागा वर्षभर निघतात. संशोधनाच्या जागांचं युरॅक्सेस पोर्टल पाहत राहा. मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क (युरोपीय संघाची पीएचडी योजना) यातल्या जागांना मोबिलिटीचा नियम आहे: भरतीआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावे. तिथे आधीच शिकत असाल तर तारखा मोजून पाहा.

मशीन लर्निंग नंतर जरूर करा. पण आत्ताच्या डेटावर शिकवलेलं नेटवर्क स्टील शिकणार नाही, ग्रिप शिकेल.