सभागृहात नाव घेतल्या गेलेल्या नागरिकाने दाद कुठे मागावी? – मदत हवी आहे

नमस्कार.

विधानसभेत एखाद्या आमदाराने सभागृहाबाहेरच्या व्यक्तीवर नाव घेऊन आरोप केला आणि पुढे तो निराधार ठरला, तर त्या व्यक्तीला आपली बाजू सभागृहाच्या नोंदीवर आणण्याचा काही मार्ग आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे. विधानभवनात वार्तांकन केलेल्या किंवा विधिमंडळ सचिवालयात काम केलेल्या सदस्यांनी मार्गदर्शन केले तर फार मदत होईल.

प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीचे आहे. ताई मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. मुंबईत झालेल्या अधिवेशनात शालेय प्रवेशांविषयीच्या लक्षवेधीवर (मंत्र्यांचे लक्ष तातडीच्या विषयाकडे वेधणाऱ्या सूचनेवर) बोलताना एका आमदारांनी तिचे आणि शाळेचे नाव घेऊन ती प्रवेशासाठी पालकांकडून रोख रक्कम घेते, असे सांगितले. मंत्र्यांनी उत्तरात चौकशीचे आश्वासन दिले. चौकशी झाली आणि ज्या पावत्यांच्या आधारे आरोप झाला होता त्या जवळजवळ तशाच नावाच्या दुसऱ्या संस्थेच्या आहेत, असे अहवालात लेखी नमूद झाले. आमदारांनी जाणूनबुजून खोटे सांगितले असे मला म्हणायचे नाही; कोणी तरी आणून दिलेले कागद त्यांनी न तपासता वापरले, एवढेच दिसते. पण आरोप विधानसभेच्या नोंदीत कायम आहे आणि अहवाल विभागाच्या फायलीत पडून आहे. तीस वर्षांहून अधिक काळ स्वच्छपणे नोकरी केलेल्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या बाईला आजही पालकसभेत त्यावरून प्रश्न विचारला जातो.

कायद्याबद्दल मी जे वाचले त्याचा अर्थ मला असा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद १९४(२) नुसार सभागृहात केलेल्या कोणत्याही विधानाबद्दल आमदारावर न्यायालयात कार्यवाही करता येत नाही. खासदारांसाठी अशीच तरतूद अनुच्छेद १०५ मध्ये आहे आणि तिच्यातील ‘काहीही’ या शब्दाचा अर्थ खरोखर काहीही असाच घ्यायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये तेजकिरण जैन विरुद्ध संजीव रेड्डी या प्रकरणात सांगितले. २०२४ च्या सीता सोरेन निकालाने लाचेला असलेले हे कवच काढून घेतले, परंतु आमच्या प्रकरणात लाच नाही, केवळ शब्द आहेत. हे संरक्षण असावे याच मताचा मी आहे. बदनामीच्या दाव्याची धास्ती असती तर सत्तेतल्या माणसांविषयी सभागृहात कोणी तोंड उघडले नसते. माझी अडचण एवढीच आहे की ज्याच्यावर आरोप होतो तो दुसरा आमदार असेल तर त्याला उठून वैयक्तिक खुलासा करता येतो, आणि ताईसारख्या व्यक्तीला तिथे उभे राहण्यास जागाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने १९८८ मध्ये एक ठराव करून, सभागृहात नाव घेतल्या गेलेल्या नागरिकाला आपले उत्तर नोंदीवर घेण्याची विनंती करण्याची सोय दिली. आपल्याकडे याच्या जवळ जाणारे काही आहे का?

दुसरा प्रश्न चित्रफितीचा. त्या भाषणाचा तुकडा कापून, त्यावर ताईचे छायाचित्र आणि ‘प्रवेशाचा बाजार’ अशी ओळ टाकून तो आमदारांच्या खात्यावरून प्रसारित झाला आणि अजून तिथेच आहे. त्यालाही सभागृहातल्या विधानाचे हे संरक्षण, म्हणजे विशेषाधिकार, लागू होतो का?

तिसरा प्रश्न विचारताना मन कचरते. दुरुस्तीची विनंती करायला गेलो असता ‘जास्त ताणलेत तर हक्कभंग येईल’, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग केल्याबद्दल कारवाई होईल, असे आम्हाला तोंडी ऐकवण्यात आले. मुंबईला या शब्दाचा इतिहास नवा नाही. ‘ब्लिट्झ’चे होमी मिस्त्री यांना १९५२ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेच्या हक्कभंगासाठी मुंबईतून पकडून लखनौला नेले होते आणि त्याच साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांना १९६१ मध्ये लोकसभेसमोर उभे करून समज देण्यात आली होती. ते पत्रकार होते, त्यांच्यामागे वृत्तपत्र होते. ताई या शब्दानेच इतकी घाबरली आहे की पत्र लिहायलाही तयार नाही.

प्रतिसाद

दादा, ताईंना प्रथम हे सांगा की अध्यक्षांच्या नावे नम्रपणे केलेला लेखी अर्ज म्हणजे हक्कभंग नव्हे. सभागृहातील वर्तनावरून सदस्याच्या हेतूंवर जाहीरपणे शिंतोडे उडवले तर प्रश्न उद्भवू शकतो. म्हणून अर्जात आमदारांविषयी एकही विशेषण नको. पावत्या, अहवाल आणि तारखा एवढेच असू द्या.

तुमच्या हातातला सर्वांत मजबूत धागा मंत्र्यांचे उत्तर हा आहे. सभागृहात दिलेले चौकशीचे आश्वासन पूर्ण झाले की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. विभागाने आश्वासनाच्या पूर्ततेत अहवालाचा निष्कर्ष कळवला, तर ज्या सभागृहात आरोप झाला त्याच सभागृहाच्या कागदपत्रांत तो येतो. तेव्हा अध्यक्षांना अर्ज कराच, पण त्याच दिवशी विभागाच्या सचिवांनाही पत्र द्या आणि या आश्वासनाची पूर्तता कळवली आहे का, हे विचारा. नागरिकाच्या उत्तरासाठी ऑस्ट्रेलियासारखी सोय महाराष्ट्रात माझ्या पाहण्यात आलेली नाही, आणि ती असायला हवी या तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

चित्रफितीबाबत १९६१ चा जतिशचंद्र घोष निकाल वाचा. बंगालच्या एका आमदाराने सभागृहात नाकारले गेलेले आपले प्रश्न बाहेर नियतकालिकात छापले, त्याला अनुच्छेद १९४ चे संरक्षण मिळाले नाही. तुमच्याकडे शब्द प्रत्यक्ष सभागृहात उच्चारले गेले आहेत, हा फरक वकील नक्की दाखवतील. तरीही छायाचित्र आणि वरची ओळ सभागृहातली नाही, आणि ते प्रकाशन सभागृहाच्या अधिकारानेही झालेले नाही. वृत्तपत्रांना खऱ्या वृत्तान्तासाठी अनुच्छेद ३६१क खाली मिळणारे संरक्षण दुर्भावना सिद्ध झाल्यास टिकत नाही, हेही लक्षात असू द्या. बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत एक वर्षाची आहे, त्यामुळे वकिलांचा सल्ला आताच घ्या.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभारी आहे. आश्वासन समितीचा विचार आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. ताईने आज अर्जाचा मसुदा वाचला, दोन ठिकाणी माझे शब्द सौम्य केले आणि दोन्ही शाळा वेगळ्या आहेत हे एका नजरेत कळावे म्हणून त्यांचे यू-डायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) स्वतः टाकले.

एक शंका उरते. ताई शिक्षक मतदारसंघाची मतदार असल्याने सहकारी म्हणतात की त्या मतदारसंघाच्या विधान परिषद सदस्यांकडे जावे. पण आरोप विधानसभेत झालेला असताना तिथली नोंद परिषदेतून दुरुस्त होणार नाही, असे मला वाटते. तरीही त्यांनी विधानसभेतील चर्चेचा उल्लेख न करता चौकशीच्या निष्कर्षाविषयी शिक्षणमंत्र्यांना परिषदेत तारांकित (तोंडी उत्तराचा) प्रश्न विचारला, तर चालेल का? की त्यामुळे अध्यक्षांकडच्या अर्जाला बाधा येईल?