जब्या शालूशी बोलत का नाही? लाज की जात?

माळरान:
नागराज मंजुळेंचा 'फँड्री' हा सिनेमा परवा पुन्हा पाहिला. २०१४च्या फेब्रुवारीत थिएटरात पाहिला तेव्हा सगळं लक्ष शेवटी जब्या भिरकावतो त्या दगडाकडे होतं. या वेळी डोक्यात राहिलं ते वेगळंच. जब्या आणि शालू एकाच वर्गात, तरी त्यांच्यात बोलणं म्हणावं असं काही होतच नाही. काळी चिमणी पकडायची, जाळायची, तिची राख शालूवर टाकायची म्हणजे ती प्रेमात पडेल, हे त्याला दोन शब्द बोलण्यापेक्षा सोपं वाटतं! माझ्या मते ही लाज नाही. कैकाडी, म्हणजे गावाने खालची मानलेल्या जातीच्या घरात जन्मल्यामुळे आलेला अबोला आहे.

सांजवेळ:
नाही पटलं. त्या वयातला कोणता मुलगा आवडत्या मुलीशी धड बोलतो? आमच्या वर्गात बागायतदारांच्या पोरांच्याही चिठ्ठ्या दप्तरातच राहायच्या. जब्या जीन्ससाठी सायकलवर आइसकांडी विकतो, ते वयाचं वेड आहे. प्रत्येक गप्प राहण्यात जात शोधली की तो पोरगा हरवतो, नुसता अन्यायाचा नमुना उरतो.

माळरान:
वेड आहेच, ते कोण नाकारतंय? पण लाजऱ्या पोराला भीती असते ती नकाराची. जब्याला भीती आहे ती आपण कोण आहोत हे दिसण्याची. शाळेजवळ डुकरं धरायची वेळ येते तेव्हा शालूच्या नजरेला पडू नये म्हणून तो लपून बसतो, बाप मारून बाहेर काढतो. बागायतदाराच्या पोराला असं कधी लपावं लागलं?

खडूफळा:
तुम्ही दोघं गप्प राहण्यावर अडलात. जरा बोलण्याकडे बघा. जब्याचा बाप कचरू बोलतो की, पण गावाकडून त्याच्याकडे येतो तो हुकूम आणि त्याच्याकडून जाते ती विनवणी. आणि 'फँड्री' हा कैकाडी बोलीतला डुकरासाठीचा शब्द. यांच्या घरातला साधा शब्द, गावाच्या तोंडी गेला की शिवी होतो. ज्याची भाषाच अशी त्याच्या अंगावर फेकली जाते, त्याने वर्गात तोंड उघडायचं ते कोणत्या बळावर?

सांजवेळ:
भाषेचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण मग मंजुळेंच्याच 'सैराट'चं काय? पाटलाची आर्ची, मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या. दरी तेवढीच, तरी दोघं भरभरून बोलतात.

खडूफळा:
कारण धिटाई आर्चीकडून येते. ती भर वर्गात दरडावू शकते. परश्याने तसं केलं असतं तर पहिल्याच दिवशी हाडं मोडली असती. आणि पुढचं आठवा. दोघं पळून हैदराबादला जातात, तिथे तेलुगू येत नाही, बुलेट नाही, बापाचं नाव नाही, तर तीच आर्ची कशी मुकी होऊन बसते!

सांजवेळ:
हैदराबादचा भाग मी आजवर नुसता घरच्या आठवणीचा समजत होते. तो पुन्हा बघेन. जब्याबद्दल मात्र अजून भांडणार. चिमणीमागे माळावर धावताना तो कोणालाही घाबरत नाही, आणि तो जब्याही तितकाच खरा आहे.