सीएएची परीक्षा आत्ता द्यावी की एडी झाल्यावर?

सांगलीची_खोखोपटू
नमस्कार. मी न्यू जर्सीत एका पब्लिक हायस्कूलमध्ये हेल्थ आणि पीई शिकवते, हे नववं वर्ष. सहा सीझन मुलींची व्हॉलीबॉल टीम सांभाळली. मास्टर्स झालंय, राज्याचं सुपरवायझर सर्टिफिकेटही हातात आहे. आमचे ऍथलेटिक डायरेक्टर (एडी, म्हणजे शाळेच्या सगळ्या खेळांचे प्रमुख) जूनमध्ये रिटायर होताहेत, त्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. प्रिन्सिपल म्हणाल्या, ‘एनआयएएएचं काहीतरी करून ठेव.’ ही एडींची राष्ट्रीय संघटना. बघितलं तर तिच्या सर्टिफिकेटांची आरएए, सीएए, सीएमएए अशी चढती रांगच आहे. सुरुवात कुठून करू? फी माझ्याच खिशातून जाणार आणि घरी दोन लहान मुलं आहेत. नुसतं नावापुढे अक्षरं लावण्यापुरतं असेल तर थांबेन.

मैदानावरचा_नाना
ताई, मी सोळा वर्षं एडी आहे. त्यातली पहिली चार या कोर्सांशिवाय काढली, म्हणून सांगतो : परीक्षेचं नंतर बघा, कोर्स आत्ता करा. सीएएला एडीच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, तुमचा कोचिंगचा आहे. सीएमएए त्याच्याही पुढची पायरी, तिचा आज विचारच नको.

एनआयएएएच्या ५०१ आणि ५०२ नंबरच्या कोर्समध्ये पाया तयार होतो. पण खरं शिकलो ते ५०४ आणि ५०६ मध्ये, हे दोन्ही कायद्याचे. शाळेत मुलामुलींना समान संधी द्यायला लावणारा टायटल नाइन कायदा १९७२ पासून आहे, तरी मुलांच्या बेसबॉलला बूस्टर क्लबने (टीमसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या गटाने) स्कोअरबोर्ड दिला की मुलींच्या सॉफ्टबॉलचं काय, हे शाळेलाच बघावं लागतं, हे मला ५०६ करेपर्यंत माहीत नव्हतं. ‘पैसे पालकांचे आहेत’ हे उत्तर चालत नाही.

आणि ५०४ का, तेही सांगतो. आधीच्या शाळेत माझं दुसरं वर्ष. शनिवारी सकाळी क्रॉस कंट्रीच्या सरावात एक मुलगा कोसळला. एईडी (हृदय थांबल्यावर शॉक देणारं यंत्र) नर्सच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली कस्टोडियनकडे आणि तो दुसऱ्या इमारतीत. मुलगा उन्हाने चक्कर येऊन पडला होता, हृदय ठीक होतं. पण त्या दाराची मूठ धरून मी उभा होतो, ती मिनिटं अजून विसरलेलो नाही. पुढे २०१४ च्या सप्टेंबरपासून राज्यात शाळांना एईडी सक्तीचं करणारा जॅनेट्स लॉ लागू झाला आणि एईडी कुलपाबाहेर आलं. मात्र यंत्र आणायला कोणी पळायचं, ९११ ला फोन कोणी करायचा, ॲम्ब्युलन्ससाठी कुठलं गेट उघडायचं, हे नावानिशी मी पहिल्यांदा लिहून काढलं ते ५०४ करताना.

कोर्स ऑनलाइन होतात. आपल्या राज्याच्या एडी संघटनेचं मार्चमध्ये अटलांटिक सिटीत अधिवेशन असतं, तिथेही होतात. फी डिस्ट्रिक्टकडून मिळते का, ते लेखी विचारा. तोंडी विचारलेलं राहून जातं.

डॅलसची_वहिनी
आमचे हे एडी आहेत. फॉलमध्ये दर शुक्रवारी फुटबॉलची मॅच, घरी यायला रात्रीचे साडेअकरा. मुलांना कोण सांभाळणार हे अर्ज करायच्या आधी ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं, पहिलं वर्ष फार जड गेलं.

सांगलीची_खोखोपटू
नाना, वहिनी, मनापासून आभार. सासूबाईंशी बोलले, फॉलमध्ये त्या येऊन राहतील.

काल शेवटच्या तासानंतर स्टॉपवॉच घेऊन टेनिस कोर्टवरून एईडीपर्यंत पळाले आणि परत आले. ३ मिनिटं ५० सेकंद. मधल्या गेटला साखळी होती, म्हणून जिमला पूर्ण वळसा पडला. हृदय थांबल्यावर मदत मिळाली नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते, हे सीपीआरच्या तासाला मीच शिकवते, आणि नऊ वर्षांत हे अंतर कधी मोजलं नव्हतं. एडी सरांना सांगितलं, ते लगेच माझ्याबरोबर गेटपर्यंत चालत आले. आज सकाळी साखळी निघाली.

५०४ ला नाव घातलंय. नाना, कोणी काय करायचं याचा तुमचा तो आराखडा शाळेचं नाव काढून पाठवाल का?