इयर एटचा रिपोर्ट: ग्रामर शाळा खालच्या मुलींकडे लक्ष देत नाही की आपणच उगाच घाबरतोय?

जुईचा_वेल:
लेक इंग्लंडमधल्या एका मुलींच्या ग्रामर स्कूलमध्ये (प्रवेश परीक्षा घेऊन मुली निवडणारी सरकारी शाळा) इयर एटला आहे, म्हणजे सेकंडरीचं दुसरं वर्ष. इलेव्हन प्लस म्हणजे त्या प्रवेश परीक्षेसाठी दोन वर्षं खपलो, ती पण खपली, आणि नंबर लागला तेव्हा घरात सगळे रडलो होतो. प्रायमरीत ती कायम पुढे, इयर सिक्सच्या सॅट्समध्ये (प्रायमरीच्या शेवटची देशभराची परीक्षा) मॅथ्सला १२० पैकी ११७ होते. आता रिपोर्ट आलाय. मॅथ्सच्या परीक्षेत ५४ टक्के आणि शेजारच्या रकान्यात इयरची सरासरी ७१. सायन्सचंही तेच. इंग्लिश बरं आहे. टार्गेट ग्रेड ८ आणि 'सध्या ५' असं लिहिलंय (जीसीएसई या इयर इलेव्हनच्या बोर्ड परीक्षेच्या ग्रेड, ९ सगळ्यात वरची). पेरेंट्स इव्हनिंग ऑनलाइन, प्रत्येक टीचरला पाच मिनिटं, पाच मिनिटं संपली की स्क्रीन आपोआप बंद. मॅथ्सच्या टीचर म्हणाल्या 'ती छान आहे, शांत आहे, काळजी करू नका', आणि मी पुढचा प्रश्न विचारेपर्यंत कॉल कट.

मला स्पष्ट वाटतंय की या शाळा हुशार मुली निवडून घेतात, वरच्या मुलींच्या जिवावर रिझल्ट लागतो आणि खालच्या तिसऱ्या भागातल्या मुलींना कोणी हात लावत नाही. कारण त्या तशाही नापास होणार नाहीत. नवरा म्हणतो लगेच ट्यूटर लावू. लेक म्हणते 'आई मी इथली मठ्ठ आहे'. हे वाक्य ऐकल्यापासून मला झोप नाही. तुमचं मत सांगा, अगदी विरोधी असलं तरी चालेल.

टेम्सकाठ:
विरोधी मागितलंत म्हणून सांगतो. ताई, ७१ ही कोणाची सरासरी आहे ते बघा. आधीच परीक्षा घेऊन निवडलेल्या मुलींची. सगळ्या इंग्लंडात मिळून १६३ ग्रामर स्कूल्स आहेत, तुमची लेक त्यातल्या एकीत बसलीय आणि तिथल्या मधल्या रेषेच्या खाली आहे. एवढंच झालंय. निम्म्या मुली तर कुठल्याही शाळेत मधल्या रेषेच्या खालीच असणार, त्याला शाळा काय करणार? प्रायमरीत म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी असं असतं, इथे सगळ्याच तिच्या तोडीच्या आहेत.

आणि ते 'सध्या ५' डोक्यातून काढा. पूर्वीच्या, देशभर सारख्या असलेल्या नॅशनल करिक्युलम लेव्हल्स २०१४ ला बंद झाल्या, त्यानंतर प्रत्येक शाळा आपापली मोजपट्टी बनवते. जीसीएसईचा पेपर इयर इलेव्हनला, इयर एटच्या मुलीने अर्धा अभ्यासक्रम बघितलेला पण नाही, तिला आत्ता ५ म्हणणं म्हणजे अर्धवट भिंतीकडे बघून घराची किंमत सांगणं. एका शाळेचा ५ दुसऱ्या शाळेत ७ असू शकतो.

निळी_छत्री:
लंगडी गाय??? एका तेरा वर्षांच्या मुलीबद्दल बोलतोय आपण. प्रायमरीत तिने मेहनत केली होती, बाकीचे वासरं होते म्हणून ती पुढे नव्हती.

जुईचा_वेल, तुमची शंका मला शंभर टक्के पटते. शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडनेच २०१५ मध्ये केएस थ्रीवर (सेकंडरीची पहिली तीन वर्षं) एक रिपोर्ट काढला होता, त्याच्या नावातच ही वर्षं वाया जातात का असा प्रश्न होता. इयर सेव्हन ते नाइन याकडे शाळा दुर्लक्ष करतात, चांगले टीचर्स परीक्षेच्या वर्गांना देतात, असंच त्यात होतं. आमच्या मोठीच्या शाळेत (ती पण मुलींची ग्रामर) इयर एटला मॅथ्सला एका वर्षात तीन सप्लाय (बदली) टीचर झाले आणि इयर इलेव्हनला मात्र डिपार्टमेंट हेड स्वतः. आणि गेटवर ऑफस्टेडच्या आउटस्टँडिंग या सगळ्यात वरच्या शेऱ्याचा बोर्ड. आउटस्टँडिंग शाळांना २०१२ पासून २०२० पर्यंत नेहमीच्या तपासणीतून सूटच होती, म्हणजे काही काही बोर्ड आठ-दहा वर्षं जुन्या तपासणीवर लटकत होते! आपण पालक ते बघून घर बदलतो, कर्ज काढतो.

रिझल्ट चांगला म्हणजे शिकवणं चांगलं असं नसतं. दारातच निवडून घेतल्यावर रिझल्ट चांगलाच लागणार ना.

टेम्सकाठ:
म्हण चुकली, मान्य. जुईताई, सॉरी, लेकीबद्दल तसं म्हणायचं नव्हतं.

पण निळी_छत्री, तुमचं शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे. डरहॅम युनिव्हर्सिटीच्या स्टीफन गोरार्ड यांनी २०१८ मध्ये हेच दाखवलं, मुलं आधी किती पुढे होती आणि घरची परिस्थिती काय होती हे धरलं की ग्रामरचा वेगळा असा फायदा उरत नाही. मग शाळेने जादू करावी ही अपेक्षाच का? पोरगी हुशार होती, आहे, तिला जरा सुखाने वाढू द्या. दर सहा महिन्यांनी आकडा बघून घर हलवायची गरज नाही.

निळी_छत्री:
जादू नको, शिकवा एवढंच म्हणतेय. आणि तुलना करायची तर ती करायला पण आता काही नाही. प्रोग्रेस ८ म्हणजे सॅट्सला तेवढेच मार्क असलेल्या देशभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं आठ विषयांत कुठे पोचली याचं माप, निदान त्यावरून कळायचं की शाळेने स्वतः काही भर घातली का. पण २०२० आणि २०२१ ला कोविडमुळे सॅट्स झाल्याच नाहीत, त्यामुळे २०२५ आणि २०२६ च्या जीसीएसई बॅचला प्रोग्रेस ८ नाही. म्हणजे पालकाच्या हातात फक्त कच्चे रिझल्ट, आणि निवडून घेणाऱ्या शाळेचे कच्चे रिझल्ट छानच दिसणार.

गोदाकाठचा:
एवढी चर्चा कशाला. ट्यूटर लावा. आमची लेक इयर नाइनच्या शेवटी मॅथ्सला खालच्या सेटमध्ये (मार्कांप्रमाणे पाडलेला गट) होती, आठवड्याला एक तास सव्वा वर्ष, जीसीएसईला ८ आला. शाळा बदलेल याची वाट बघत बसलात तर मुलीची वर्षं जातील. इलेव्हन प्लसला ट्यूटर चालतो आणि नंतर तत्त्व आठवतं हे मला कळत नाही. सिक्स्थ फॉर्मला (जीसीएसईनंतरची ए लेव्हलची दोन वर्षं) त्याच शाळेत राहायचं तर बऱ्याच ठिकाणी त्या विषयात ६ किंवा ७ तरी मागतात, आणि तेव्हा बाहेरच्या मुलीही अर्ज करतात, काही शाळांत मुलगेसुद्धा. आपल्याच शाळेतून बाहेर पडायची वेळ येते हे कोणी आधी सांगत नाही.

खडूफळा:
मी मुलींच्या ग्रामरमध्ये मॅथ्स शिकवते, तुमच्या नाही, दुसऱ्या. दोन्ही बाजू वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, मोठं होईल.

आधी आमची चूक. 'शी इज डूइंग फाइन' हे वाक्य आम्ही एका संध्याकाळी तीस वेळा म्हणतो. तीस मुली, प्रत्येकी पाच मिनिटं, समोर आकड्यांचा तक्ता, आणि जी मुलगी त्रास देत नाही, होमवर्क वेळेवर देते, तिच्याबद्दल आमच्याकडे खरंच सांगण्यासारखं कमी असतं. शांत मुलगी आमच्या नजरेतून सुटते. मुलींच्या शाळेत तर जास्तच, कारण जवळजवळ सगळ्याच शांत आणि नीटनेटक्या असतात. सुबक वही बघून आम्ही फसतो.

पण ५४ हा आकडा एकटा मलाही काही सांगत नाही. मला पेपर बघायचाय. इलेव्हन प्लसची तयारी केलेल्या मुलींचं एक ठरलेलं दुखणं मी दर वर्षी बघते. त्यांना उत्तर पटकन ओळखायची सवय असते, चार-पाच पर्यायांतून बरोबर उचलायची, एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नसतं. इयर एटला अल्जिब्रा येतं आणि तिथे पायऱ्या लिहायच्या असतात, कंसाबाहेरचा वजा आत जाताना चिन्हं बदलतात, अपूर्णांकाचं समीकरण असतं, ओळखून भागत नाही. मुलगी मनात करते, अडकते, आणि 'मला येत नाही' असं न म्हणता पान उलटते. कारण तिला आयुष्यात कधी 'येत नाही' म्हणायची वेळच आलेली नसते. शेजारची पटापट लिहितेय, ती बघते. (शेजारचीही कधीकधी चुकीचंच लिहीत असते, पण ते हिला दिसत नाही.)

म्हणून माझं म्हणणं, पेपर घरी मागवा. मार्क कुठे गेले ते बघा. सगळीकडे दोन-दोन गेले असतील तर घाई किंवा लिहिण्याची सवय. दोनच टॉपिकमध्ये सगळे गेले असतील तर ते दोन टॉपिक, आणि ते सहा आठवड्यांत भरून निघतात. शेवटची पानं कोरी असतील तर गोष्ट वेगळी. टीचरना मेल करताना 'ती मागे का' असं विचारू नका, आम्ही लगेच बचावाला येतो. 'या प्रश्नात ती कुठे थांबली आणि वर्गात हे परत कधी येणार' असं विचारा, याला उत्तर द्यावंच लागतं.

गोदाकाठचादादा, ट्यूटरबद्दल मी पूर्ण विरोधात नाही, पण लगेच लावला तर एक नुकसान मी स्वतः बघितलंय. मुलगी वर्गात विचारणं बंद करते. 'शनिवारी सरांना विचारीन' म्हणते, आणि मग तिला काय येत नाही ते मला कधी कळतच नाही.

गोदाकाठचा:
मॅडम तुमचा अनुभव असेल, पण तुमच्या वर्गात तीस मुली आहेत आणि माझ्या घरात एकच आहे. मला सरासरीने विचार करून चालत नाही.

खडूफळा:
हे मात्र खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पाऊलवाट२:
मी पालक नाही, मी ती मुलगी होते. मुलींची ग्रामर, सात वर्षं. आता युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे.

सगळे मार्कांबद्दल बोलताय पण माझं नुकसान मार्कांनी झालं नाही. मला जीसीएसई फिजिक्सला ७ होता. देशभरात सगळे विषय धरले तर साधारण पाच पेपरांमागे एकाला ७ किंवा वर मिळतात, म्हणजे मी चांगलीच होते, पण माझ्या मैत्रिणींना ८-९ होते म्हणून मी ठरवून टाकलं की फिजिक्स माझं नाही आणि ए लेव्हलला सोडलं. मला ते आवडत होतं, खूप. नंतर कळलं की या गोष्टीवर मानसशास्त्रात हर्बर्ट मार्श यांचं १९८० च्या दशकापासूनचं काम आहे, की तेवढ्याच कुवतीचं मूल हुशार मुलांच्या शाळेत टाकलं तर स्वतःला कमी समजायला लागतं. वाचताना मला रडू आलं, इतकी वर्षं वाटायचं हे फक्त माझंच.

आणि याची दुसरी बाजू पण माहितीय. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने २०१२ ला दाखवलं होतं की सरकारी शाळांमध्ये मुलामुलींच्या एकत्र शाळेपेक्षा मुलींच्या शाळेतून ए लेव्हल फिजिक्सला जाणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळजवळ अडीच पट आहे. म्हणजे शाळेने दार उघडं ठेवलं होतं, मीच आत गेले नाही. टेम्सकाठ काका म्हणतात सुखाने वाढू द्या, पण गप्प बसणं म्हणजे सुख नाही. माझे आईबाबा गप्प होते, त्यांना वाटलं दबाव नको. मला वाटलं त्यांनी आशा सोडली. आणि आजी दर रविवारी फोनवर विचारायची 'कितवा नंबर आला'. शाळेत नंबर सांगतच नाहीत, तरी माझ्याकडे उत्तर तयार असायचं.

जुईच्या वेल काकू, ती 'मठ्ठ' म्हणाली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

टेम्सकाठ:
हे वाचून बराच वेळ थांबलो. माझा मुद्दा अजून तोच आहे की आकड्याचा अर्थ लोक चुकीचा लावतात, पण गप्प राहणं मुलीला असं ऐकू येतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमचीही इयर नाइनला आहे, ऑप्शन्स (जीसीएसईचे विषय) निवडायच्यात.

सांजवात:
एक वेगळी शक्यता. आमच्या लेकीचं इंग्लिश बोलणं, वाचन उत्तम, पण वेळेत लिहून होत नव्हतं. सगळे म्हणाले आळस. इयर नाइनला कळलं डिस्लेक्सिया आहे, इतकी वर्षं पाठांतराच्या आणि हुशारीच्या जोरावर झाकलेला. आता परीक्षेत पंचवीस टक्के जादा वेळ मिळतो. त्यासाठीचं असेसमेंट इयर नाइनच्या आधीचं चालत नाही, पण शाळेच्या सेन्कोला (मुलांच्या विशेष गरजा बघणारे टीचर) आत्ताच सांगून ठेवलंत तर वर्गात तिला काय लागतं याची नोंद जमायला लागते, ती नंतर पुरावा म्हणून मागतात. असेलच असं नाही. पण पानं कोरी असतील तर हे डोक्यात ठेवा.

जुईचा_वेल:
सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण आधी पेपर मागवला. शाळेने घरी द्यायला नकार दिला, पॉलिसी म्हणे, मग मी परत मेल केला तेव्हा स्कॅन पाठवला. हा एक मेल आणखी करावा लागतो यावर माझा राग अजून आहे.

शेवटची दीड पानं कोरी आहेत. आधीचं जवळजवळ सगळं बरोबर आहे, हे मला रिपोर्टमध्ये कुठेच दिसलं नव्हतं. तिने प्रत्येक उत्तर आधी मागे पेन्सिलने केलंय, मग पेनने सुबक उतरवलंय. दोनदा. विचारलं तर म्हणाली 'खाडाखोड दिसली तर टीचरना वाटेल मला येत नाही'.

पाऊलवाट२, तू विचारलंस म्हणून खरं सांगते. ती मठ्ठ म्हणाली तेव्हा मी म्हणाले 'असं बोलू नको' आणि स्वयंपाकघरात निघून गेले, कारण मला रडायला येत होतं. काल रात्री तिला हे सांगितलं. ती काही बोलली नाही, पण पेपर घेऊन माझ्या शेजारी बसली आणि कोऱ्या पानावरचे तीन प्रश्न सोडवले. दोन बरोबर आले. एकात चिन्ह चुकलं आणि तिने ते खोडलं नाही, तसंच ठेवलं.

ट्यूटर ईस्टरपर्यंत थांबवलाय, नवरा नाराज आहे आणि त्याचंही चूक आहे असं मला म्हणवत नाही. सांजवात, सेन्कोला मेल गेलाय. हेड ऑफ इयरचा गुरुवारी फोन येणार आहे, या वेळी पाच मिनिटांत कट होणारा नाही, मी विचारून घेतलंय.

निळी_छत्री:
पहिल्यांदा पेपर मागितल्यावर नाही म्हणाले आणि दुसऱ्या मेलनंतर दिला, हे गुरुवारी नक्की बोला. दुसरा मेल न करणाऱ्या आया पण आहेत तिथे.

खडूफळा:
तो स्कॅन फोनवर समोर ठेवा. आणि पेन्सिलचं आधी सांगा, मार्कांचं नंतर.